चार अक्षरांत माणूस बसतो का? पर्सनॅलिटी टाइपची भानगड सोप्या भाषेत

इन्स्टाच्या बायोत हल्ली रास लिहिणारे कमी दिसतात आणि आयएनएफजे, ईएनटीपी असली चार अक्षरं लिहिणारे जास्त. ऑफिसात टीम बिल्डिंगचं ट्रेनिंग असलं की जेवणाच्या सुट्टीआधी एक टेस्ट उरकतात, प्रत्येकाला एक रंग नाहीतर अक्षरं मिळतात आणि चहापर्यंत "अरे तो रेड आहे ना, म्हणून असा अंगावर येतो" असं बोलणं सुरूही झालेलं असतं. दक्षिण कोरियात तर हे खूळ इतकं वाढलं की तरुण पोरं पहिल्या भेटीतच टाइप विचारतात, आणि काही नोकरीच्या जाहिरातींत अमुक टाइपवाल्यांना प्राधान्य असं छापल्याच्या बातम्याही झाल्या. जपानमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून रक्तगटावरून स्वभाव सांगायचं वेड आहे, ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

आता ह्या टेस्ट माणसामाणसांतला फरक समजावून सांगतात, की फरकाला नुसतं नाव देतात? माझ्या मते सगळा गोंधळ इथे आहे, त्यामुळे जरा मुळापासून बघू.

टाइप वेगळा, मोजमाप वेगळं

टाइप म्हणजे कप्पा. तुम्ही एकतर ह्या कप्प्यात, नाहीतर त्या, मध्ये काही नाही. दुसरी पद्धत आहे मोजपट्टीची, म्हणजे एखादा गुण तुमच्यात किती आहे ते कमी-जास्त मोजायचं, त्याला मानसशास्त्रात ट्रेट म्हणतात. रेडिमेडच्या दुकानात शर्ट एस, एम, एल मध्ये मिळतो आणि शिंपी मात्र टेप लावून छाती, खांदा, बाही वेगवेगळी लिहून घेतो, तसाच हा फरक आहे. साइझ ही दुकानदाराची सोय, ती वाईट नाही, पटकन काम होतं. पण एम आणि एलच्या मधल्या माणसाला कुठलाच शर्ट धड बसत नाही, आणि मुख्य म्हणजे "तू एल आहेस ना, म्हणून तुझी छाती रुंद आहे" असं कोणी म्हणत नाही. स्वभावाच्या बाबतीत मात्र आपण अगदी हेच म्हणतो आणि वर मान पण डोलावतो.

हे आलं कुठून: एक आई, एक जावई

सगळ्यात फेमस टेस्ट म्हणजे एमबीटीआय, मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर. ही कुठल्या प्रयोगशाळेत वगैरे जन्मली नाही. अमेरिकेत कॅथरिन कुक ब्रिग्ज नावाच्या बाई होत्या, त्यांची मुलगी इसाबेल. तिने क्लॅरेन्स मायर्स हा मुलगा पसंत केला, तो घरी आला, आणि आईच्या लक्षात आलं की हा आपल्या सगळ्यांपेक्षा भलत्याच पद्धतीने विचार करतो. आपल्याकडे अशा वेळी मावशीला फोन जातो. ह्या बाईंनी अभ्यास सुरू केला, माणसांच्या स्वभावाचे स्वतःचे चार प्रकारही पाडले.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये कार्ल युंग ह्या मनोविकारतज्ज्ञाने १९२१ मध्ये मानसशास्त्रीय टाइप्सवर जर्मनमध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. इंट्रोव्हर्ट आणि एक्स्ट्रोव्हर्ट हे शब्द आज पानटपरीवरसुद्धा ऐकू येतात ते मुख्यतः त्याच्यामुळे. १९२३ मध्ये पुस्तक इंग्रजीत आलं, कॅथरिनबाईंनी वाचलं आणि आपले चार प्रकार बाजूला ठेवून युंगला धरलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत आणि ऑफिसांत कामाला यायला लागल्या, तेव्हा कोणाला कुठलं काम मानवेल हे ठरवायला मदत व्हावी म्हणून इसाबेलने प्रश्नावली बनवायला घेतली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र शिकलेलं नव्हतं, इसाबेलचं शिक्षण राज्यशास्त्रातलं, आणि त्याआधी तिने चक्क एक रहस्यकथा लिहून बक्षीस मिळवलेलं. हे मी हिणवायला सांगत नाहीये, घरी बसून एवढं काम करणं सोपं नाही, आणि टेस्ट कशी बनवायची हे ती एका बँकेतल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली शिकली सुद्धा. १९६२ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ह्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ती छापली.

चार जोड्या आहेत. पहिली, माणसांत राहून तरतरी येते की एकटं राहून. दुसरी, समोर दिसतं त्यावर भर की त्यामागचं काय असेल त्यावर. तिसरी, निर्णय घेताना तर्क की माणसांच्या भावना. चौथी, सगळं आधी ठरवून करणारे की ऐनवेळी बघू म्हणणारे, आणि ही चौथी जोडी ह्या मायलेकींनी वाढवलेली आहे, युंगची नाही. प्रत्येक जोडीतलं एक अक्षर घ्या, चार जोड्या म्हणून एकूण १६ टाइप.

मधल्या माणसांचं काय करायचं

समजा पहिल्या जोडीवर २१ प्रश्न आहेत. लग्नात तुम्ही अनोळखी टेबलावर जाऊन बसता की ओळखीचं कोणी दिसेपर्यंत मोबाइल बघत उभे राहता, ह्या टाइपचे. तुमची ११ उत्तरं एका बाजूला आली आणि १० दुसऱ्या बाजूला, तर तुम्ही एक्स्ट्रोव्हर्ट. तुमच्या बहिणीची १० आणि ११ आली, ती इंट्रोव्हर्ट. तुमच्या दोघांत फरक एका प्रश्नाचा, पण तुम्ही दोघं वेगवेगळ्या कप्प्यात, आणि तुमचा तो मित्र ज्याची २१ पैकी २० आलीत, जो लोकलमध्ये चौथ्या सीटवाल्याशी सुद्धा गप्पा मारतो, तो आणि तुम्ही एकाच कप्प्यात.

बरं, मधली माणसं थोडी असती तर चाललं असतं. पण हजारो लोकांचे मार्क काढून आलेख काढला की दोन टेकड्या दिसत नाहीत, मध्ये एकच मोठी टेकडी दिसते, म्हणजे बहुतेक जनता मध्येच असते आणि टोकाला थोडी. खुद्द युंगही म्हणत होता की निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख असा माणूस नसतोच. म्हणून मग असं होतं की पाच आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा दिली तर, काही अभ्यासांत सापडलंय, साधारण निम्म्या लोकांचं एखादं तरी अक्षर बदललेलं असतं. माणूस बदललेला नसतो हो, तो रेषेजवळ उभा होता आणि ह्या वेळी रेषेच्या पलीकडे पडला एवढंच.

"पण माझं तर एकदम जुळलं!"

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि तो खराही असतो, जुळल्यासारखं वाटतंच. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर ह्या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली. आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या नावाचा रिपोर्ट दिला आणि विचारलं, ० ते ५ मध्ये सांगा हा तुम्हाला किती लागू पडतो. सरासरी आली ४.२६. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना अक्षरशः एकच रिपोर्ट दिलाय, आणि त्यातली वाक्यं बरीचशी रस्त्यावर मिळणाऱ्या राशीभविष्याच्या पुस्तकातून उचललीत.

वाक्यं साधारण अशी होती: लोकांना आपण आवडावं असं तुम्हाला फार वाटतं. तुम्ही स्वतःकडे जरा जास्तच टीकेच्या नजरेने बघता. तुमच्यात बरीच क्षमता आहे जी अजून वापरली गेलेली नाही. बाहेरून शिस्तीचे दिसलात तरी आतून तुम्ही काळजी करता. कधी तुम्ही मनमोकळे असता आणि कधी हातचं राखून वागता. आता मला सांगा, तुमच्या सोसायटीतला असा एक माणूस दाखवा ज्याला ह्यातलं एकही वाक्य नाकारता येईल! ह्याला पुढे बार्नम इफेक्ट नाव पडलं.

एमबीटीआयचे रिपोर्ट ह्याइतके गोल नसतात हे मान्य करायला हवं, तिथे तुमचीच उत्तरं गोळा करून तुम्हाला परत देतात, म्हणून थोडंफार जुळणारच. तुम्ही २१ वेळा सांगितलंत की मला गर्दी आवडत नाही आणि रिपोर्ट म्हणाला तुम्हाला गर्दी आवडत नाही, तर त्यात चमत्कार काय. शिवाय १६ च्या १६ वर्णनं गोड असतात, कोणी दूरदर्शी, कोणी आधारवड, कोणी कल्पक. चिडका, रडका, सारखा टेन्शन घेणारा असा टाइपच नाही. प्रत्यक्षात अशी माणसं प्रत्येक घरात निदान एक तरी असते.

मग मानसशास्त्रवाले स्वतः काय वापरतात

त्यांची सुरुवात शब्दांपासून झाली. कल्पना अशी की माणसामाणसांतला जो फरक रोजच्या जगण्यात महत्त्वाचा असतो त्याला भाषा कधी ना कधी शब्द पाडतेच. मराठीतच बघा, धांदरट, वेंधळा, चेंगट, भोचक, हेकट, तिरसट, घुमा, एकलकोंडा, मुखदुर्बळ, मनमिळाऊ, उतावळा, आतल्या गाठीचा, यादी संपत नाही. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट ह्या दोघांनी इंग्रजी डिक्शनरी विंचरून असे जवळजवळ १८,००० शब्द काढले. पुढच्या काही दशकांत बऱ्याच लोकांनी ते कमी करत आणले, आणि शब्दांची निवड सोडली की बाकी पद्धत पूर्णपणे आकडेमोडीची होती: ज्या माणसाला लोक घुमा म्हणतात त्यालाच एकलकोंडा आणि मुखदुर्बळ पण म्हणतात का? म्हणत असतील तर ते तिन्ही शब्द एकाच पट्टीवरचे. असं करत करत वेगवेगळ्या संशोधकांना परत परत पाचच पट्ट्या सापडल्या, म्हणून नाव बिग फाइव्ह.

त्या पाच म्हणजे नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जमवून घ्यायची वृत्ती, आणि मन पटकन अस्वस्थ होण्याचं प्रमाण. शेवटची एमबीटीआयमध्ये नाही, ती विकायला जड जाते. आणि इथे कप्पा नसतो, प्रत्येक पट्टीवर तुम्ही कुठेतरी असता. एक गंमत म्हणजे नेटवरची ती सगळ्यात पॉप्युलर फुकट टेस्ट, जिच्यात गोंडस कार्टून असतात, ती अक्षरं एमबीटीआयची देते पण मोजते बिग फाइव्हच्या जवळचंच, तिच्या साइटवर तसं लिहिलेलं पण आहे, वाचतं कोण.

बिग फाइव्ह म्हणजे शेवटचा शब्द असंही नाही. ते शिकलेल्या, शहरी समाजांत चांगलं चालतं. बोलिव्हियाच्या जंगलात चिमाने नावाचा शेती-शिकार करणारा समाज आहे, तिथे संशोधकांनी हीच प्रश्नावली त्यांच्या भाषेत वापरली, २०१३ मध्ये निष्कर्ष छापले, आणि पाच पट्ट्या काही नीट वेगळ्या निघाल्या नाहीत.

बरं, पण फरक का असतो ते कोण सांगणार?

इथे खरी गोम आहे. "तो मीटिंगमध्ये बोलत नाही." का? "इंट्रोव्हर्ट आहे." कशावरून? "अहो, मीटिंगमध्ये बोलत नाही ना." आपण गोल फिरून जागच्या जागी आलो आणि वाटलं की उत्तर मिळालं. टाइप हे नाव आहे, कारण नाही, आणि खरं बोलायचं तर बिग फाइव्हचे आकडेही आधी वर्णनच असतात, फक्त जास्त बारकाईचं. त्या माणसाचं इंग्रजी कच्चं असेल, मागच्या वेळी बॉसने सगळ्यांसमोर झापलं असेल, पगारवाढीवरून तो मनात धुमसत असेल, चार अक्षरांत ह्यातलं काहीच येत नाही.

कारणांबद्दल जे कळलंय ते वेगळ्या अभ्यासांतून, मुख्यतः जुळ्यांच्या. एकसारखी जुळी आणि साधी जुळी ह्यांची तुलना केली तर स्वभावातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिकतेशी जोडता येतात. ह्याचा अर्थ तुमचा निम्मा राग आजोबांकडून आलाय असा नाही! हा आकडा लोकसंख्येतल्या फरकांबद्दल आहे, एका माणसाबद्दल नाही, आणि बडबडेपणाचं असं एक जनुक पण नाही, हजारो जागी बारीक बारीक परिणाम असतात. धक्का देणारी गोष्ट पुढेच आहे, उरलेल्या भागात "एका घरात वाढले" ह्याचा वाटा फारच थोडा निघतो. तीच आई, तोच वरणभात, तीच शाळा, आणि एक भाऊ हिशोबाची वही ठेवतो तर दुसऱ्याला पाकीट कुठे आहे ते माहीत नाही, हे आपण बघतोच. प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे मित्र, वेगळे शिक्षक, वेगळी आजारपणं येतात आणि त्यातला बराच भाग निव्वळ योगायोग असतो.

प्रसंगाचाही मोठा हात असतो. १९२८ मध्ये हार्टशोर्न आणि मे ह्या दोघांनी हजारो अमेरिकन शाळकरी मुलांना फसवायची संधी मिळेल असे प्रसंग रचले, परीक्षेत, खेळात, घरच्या अभ्यासात. प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं असे दोन गट पडतील अशी आपली अपेक्षा असते, तसं झालंच नाही. परीक्षेत कॉपी करणारं पोरगं खेळात सरळ वागलं, आणि उलटही. १९६८ मध्ये वॉल्टर मिशेलने हाच धागा धरून म्हटलं की टेस्टच्या मार्कांवरून एखाद्या प्रसंगी माणूस काय करेल हे फारसं सांगता येत नाही, आणि मग मानसशास्त्रात वीसेक वर्षं भांडण चाललं. ते मिटलं ते असं की एका दिवसाचं वागणं सांगता येत नाही पण अनेक दिवसांची, अनेक प्रसंगांची सरासरी बऱ्यापैकी सांगता येते. म्हणजे स्वभाव आहे, पण तो सरासरीत दिसतो.

आणि तो हळूहळू सरकतो पण. वय वाढतं तशी माणसं सरासरीने जास्त काटेकोर आणि जास्त मवाळ होत जातात, धुसफूस कमी होते. नातवासमोर विरघळलेले जुने कडक बाबा आठवा.

"आपल्याकडे हे आधीपासूनच होतं"

होतं की. आयुर्वेदात वात, पित्त, कफ ह्यांवरून प्रकृती सांगतात, गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्व, रज, तम आहेत. ग्रीकांकडे शरीरातल्या चार रसांवरून चार स्वभाव होते. माणसाचे प्रकार पाडायची हौस सगळीकडेच आहे. पण त्रिगुणांत एक बारकावा आहे जो टाइपवाल्यांनी घ्यायला हवा होता, तिन्ही गुण प्रत्येकात असतात आणि कधी हा वर तर कधी तो, म्हणजे ते कप्प्यापेक्षा मोजपट्टीच्या जवळचं आहे. फक्त ते मोजून, तपासून, चुकलं तर दुरुस्त करून बघितलेलं नाही, तेव्हा "आपल्या ऋषींना बिग फाइव्ह माहीत होतं" असले फॉरवर्ड कृपया पाठवू नका.

मला ह्यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात ते समर्थ रामदास. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिलाच समास मूर्खलक्षणांचा, मग रज, तम, सत्त्व ह्यांवर एकेक समास, आणि शेवटचा पढतमूर्खाचा, म्हणजे शिकूनही मूर्ख राहिलेल्याचा. ती यादी वाचताना जाणवतं की तिथे एकेक वागणं पकडलंय, बारीक आणि नेमकं, आणि ही लक्षणं ओळखून टाकून द्यावीत म्हणून सांगितली आहेत. आजचा टाइप उलटं करतो, "मी असाच आहे, माझा टाइपच असा" ही सोय देतो. उशिरा येणारा माणूस चौथं अक्षर दाखवून माफी मागायचं टाळतो हे मी स्वतः बघितलंय आणि दर वेळी हसू येतं.

"मग एवढ्या कंपन्या वेड्या आहेत का?"

वेड्या नाहीत. एका खोलीत बारा माणसं बसवली आणि "तुम्हाला फोन बरा की मेसेज बरा" ह्यावर भांडण न होता बोलायला लावलं, तर फायदा होतोच, आणि टेस्ट हे त्या बोलण्याचं निमित्त असतं. तेवढ्यापुरती ती ठीकच. पण नोकरी कोणाला द्यायची किंवा प्रमोशन कोणाचं रोखायचं हे त्यावरून ठरवणं चूक आहे, आणि मायर्स-ब्रिग्जवाले स्वतःच सांगतात की भरतीसाठी ही टेस्ट वापरू नका. बिग फाइव्हपैकी काटेकोरपणाचा कामाच्या दर्जाशी संबंध पुन्हा पुन्हा सापडलाय, पण तोही माफकच, एवढ्याशा आधारावर कोणाचं करिअर ठरवू नये. इंटरव्ह्यूला अशी टेस्ट दिली तर निकाल कशासाठी वापरणार हे बिनधास्त विचारा, गुळमुळीत उत्तर आलं तर त्यातूनही कंपनीबद्दल बरंच कळतं.

आणि लग्न जमवताना?

पत्रिकेतले ३६ पैकी १८ गुण जुळायला हवेत हे होतंच, आता काही बायोडेटांत चार अक्षरंही यायला लागलीत आणि कुठला टाइप कुठल्या टाइपला सूट होतो ह्याचे तक्ते व्हॉट्सअॅपवर फिरतात. ह्यावर बऱ्यापैकी मोठे अभ्यास झालेत, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या हजारो जोडप्यांची माहिती घेऊन. त्यात दोघांचे स्वभाव एकमेकांशी जुळतात की नाही ह्याने समाधानात पडणारा फरक जवळपास नगण्य निघाला. सगळ्यात जास्त फरक पडला तो माणसाच्या स्वतःच्या स्वभावाने, त्याखालोखाल जोडीदाराच्या स्वभावाने, आणि तोही फार मोठा नाही. मन शांत असणारा, जमवून घेणारा जोडीदार बहुतेक कोणालाही चालतो, मग तुम्ही स्वतः बोलके असा नाहीतर घुमे. त्यामुळे तक्ता बघण्यापेक्षा समोरचा माणूस रिक्षावाल्याशी कसा बोलतो, प्लॅन फिसकटला की काय करतो, आपली चूक निघाली की गप्प बसतो का उसळतो, हे चार वेगवेगळ्या प्रसंगांत बघायला मिळालं तर जास्त कळेल, आणि त्याला कांदेपोह्यांचा अर्धा तास पुरत नाही, हे घरच्या मोठ्यांना कोणीतरी समजावा.